कोरी पाकिटं

१४ मार्च, मंगळवार

चि. बारक्या,

तुला अनेक आशीर्वाद, तुझ्या बायकोलाही. मी बरी आहे, म्हणजे गुडघा सोडला तर बाकी सगळं जागेवर आहे. लिफ्ट पुन्हा बंद पडली आहे. पँटची लांबी कमी करून घ्यायला आलेला माणूस चार जिने चढून येतो आणि आधी पाणी मागतो. शिवणयंत्राचा पट्टा बदलून घेतला. समोरच्या बेकरीवाल्याने भिंत पोपटी रंगवली आहे, बघवत नाही. झाल्या बातम्या.

आठ महिन्यांनी पत्र लिहायचं आणि त्यात बेकरीची भिंत सांगायची, असं तू म्हणशील. म्हण. फोन करता आला असता, पण फोनवर तू नुसता "हं" म्हणतोस आणि मला पुढचं सुचत नाही. शिवाय फोनावरून आपल्या दोघांत काय झालंय ते तुला ठाऊक आहे.

परवा, रविवारी, तुझी बायको येऊन गेली. तुला न सांगता आली होती, तिला रागावू नकोस. आईच्या पलंगावर हल्ली गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा ढीग असतो, तो जरा सरकवून ती कडेला टेकली. चहा नको म्हणाली, सरबत नको म्हणाली. मग म्हणाली, "ताई, एकच विचारायला आलेय. मिठाबद्दल विचारायला तुम्ही यांना फोन केला होतात, तो दिवस कुठला होता?"

मी म्हटलं, "आता कशाला हवाय तुला?"

"मला नको, यांना हवाय. रोज आठवत बसतात. मशीन चालू होतं की बंद होतं, आपण काय ऐकलं, काय म्हणालो. दिवस कळला तर आठवेल म्हणतात."

मग तिने बाकीचं सांगितलं. आई गेल्यापासून तू मीठ सोडलंस. पॅकिंगवरून नाव काढून घेऊन माल चढवायच्या कामावर गेलास, कारण कारखान्यातल्या त्या मसाल्याच्या पुडीचा वास सहन होत नाही. मागच्या आठवड्यात खोकं उचलताना चक्कर येऊन पडलास. कारखान्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, अंगातलं मीठ फार उतरलंय म्हणाले, असंच चाललं तर एक दिवस उठणार नाहीस म्हणाले. तरी तू खात नाहीस. हे सांगताना ती रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी तिला म्हटलं, कॅलेंडर बघून कळवते. असं म्हटलं मी. ती चार जिने उतरून गेली.

तर हे पत्र म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर. देणार आहे. पण माझ्या पद्धतीने देणार. लहानपणी तुझ्या पायातला काटा काढायचा असला की मी आधी अर्धा तास सुई शोधायचे आणि तू बोंब मारायचास, आठवतं ना?

आई गेली त्या दिवशी तू आणलेली पिशवी इथेच राहिली. बत्तीस पाकिटं निघाली. रुपेरी, चकचकीत, वर एक अक्षर नाही. रिळावर छपाई पुढेमागे झाली की मधली काही पाकिटं कोरीच निघतात, आत ते टाको सीझनिंग, परदेशी मसाल्याची पूड, तेच, पण दुकानात चालत नाहीत म्हणून कामगार घरी नेतात, हे तू मला पहिल्यांदा समजावलंस तेव्हा आई पलंगावरून म्हणाली होती, "म्हणजे नाव नसलेला माल आपल्या घरी." तू हसलास. मी हसले नाही, कारण भांडी घासत होते.

पिशवीला सहा महिने हात लावला नाही. खालच्या खणात, इस्त्रीच्या मागे. जानेवारीत काढली ती टाकून द्यायलाच, पण जिने कोण उतरणार. मग म्हटलं, खाऊन संपवू. तू विचारलं नाहीस तरी सांगते कशी संपवली. बटाटे सालीसकट उकडायचे, हाताने फोडायचे, कढईत लोणी, लोण्यात अर्धा चमचा पूड आणि वर बटाटे. पूड आधी लोण्यात किंवा तेलात अर्धा मिनिट परतायलाच हवी, नाहीतर कच्ची लागते आणि जिरं घशात बसतं. राजमा भिजवून शिजवायचा, निम्मा कुस्करायचा, त्यात दीड चमचा. टोमॅटोच्या सुपात छान जाते. तिच्यात मक्याचं पीठ असतं ना, सूप आपोआप दाट होतं, वेगळं काही लावायला नको. अंड्यात फेटून घालता येते पण हात आखडता ठेवायचा, जास्त पडली की अंडं विटेच्या रंगाचं होतं. मक्याचे दाणे, खिमा, उरलेला भात, कशालाही चालते. दह्यात कालवून ठेवली तर गाजर-काकडी तोंडी लावायला बरी, पण तासभर मुरू द्यायची. टाको मात्र मी एकदाही केला नाही. आपल्या घरात ती पूड सगळ्यात पडली, टाकोत सोडून.

परवा दुकानात तुमचं छापलेलं पाकीट उलटून बघितलं. मागे "घरगुती उपयोग" म्हणून पाच ओळी आहेत. लिहिणारा कुणी शेगडीपुढे उभा राहिलेला दिसत नाही. सूप नाही, बटाटा नाही, नुसतं "चवीनुसार वापरा". मला विचारलं असतं तर मी पानभर सांगितलं असतं. एक ओळ मात्र अगदी बरोबर आहे, ती मीही लिहिली असती. वरून मीठ घालू नये.

ही ओळ लिहिली आणि हात थांबला. खालून एक गिऱ्हाईक हाका मारतंय, अस्तर लावलेला कोट न्यायला आलंय आणि जिने चढायला तयार नाही. उरलेलं उद्या.

बुधवार

आज बुधवार, आईचा रुसायचा वार. बुधवारी ती जेवायची नाही हे मी तुला फोनवर सांगायचे आणि आपण हसायचो. ते का, तेही आज येईल.

मीठ बंद झाल्यावर ती कशी वागायची ते तू बघितलं नाहीस. तू महिन्यातून एकदा यायचास आणि तू यायचास त्या दिवशी ती केस विंचरून, उशीला टेकून, शहाण्यासारखी बसायची. एरवी? घास तोंडात घालून गालात धरून ठेवायची आणि मी पाठ वळवली की रुमालात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय, मीठ म्हणजे विष समजा. मी समजले. मिठाची बरणी उचलून नर्सबाईंना देऊन टाकली. नर्सबाई दर गुरुवारी यायच्या, आईचं वजन बघायच्या, पायावर अंगठा दाबून खळगा किती पडतो ते बघायच्या आणि मला शाबासकी देऊन जायच्या. मीही अळणीच खात होते. एका घरात दोन चवी नकोत म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं, माझाच शहाणपणा.

सहा आठवड्यांत आईचे दंड माझ्या मनगटाएवढे झाले. एकदा मी चिडून ताटली आपटली, तर म्हणाली, "हे आजाऱ्याचं जेवण नाही गं, मेलेल्याचं आहे." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मग तू आलास, पहिली बारा पाकिटं घेऊन. बारक्या, तू ती मला दिली होतीस. स्वयंपाकघराच्या दारात, हळू आवाजात. "ताई, तुझ्यापुरती ठेव. अळणी खाऊन कंटाळली असशील." एवढ्या वर्षांत तू माझ्यासाठी म्हणून काही आणलंस ते तेवढंच. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मावशीला नाही, नर्सबाईंना नाही. तूही त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं नाहीस, का ते मला माहीत नाही. मी वाट बघत होते की तू आता सांगशील.

तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी माझ्यासाठी बटाटे केले. वास पलंगापर्यंत गेला. आईने विचारलं काय आहे, मी म्हटलं तुझ्यासाठी नाही. "त्याने आणलंय ना? मग मला का नाही?" म्हणाली. बरोबर, तू आणलंस म्हणजे ते तिचंच. मी एक फोड दिली, तोंड बंद करायला. तिने ती चावली. गालात धरली नाही, चावली आणि गिळली. मग दुसरी मागितली. ताटलीभर संपवली आणि म्हणाली, "आता कसं, जेवणासारखं लागलं."

आणि तिने माझ्याकडे बघितलं.

आता नीट वाच. सगळे मला म्हणाले, कोऱ्या पाकिटावर काय लिहिलेलं असणार, तुला बिचारीला कसं कळणार. मावशी म्हणाली, नर्सबाई म्हणाल्या, तूसुद्धा तेच धरून बसलास. पण पाकीट कोरं असलं तरी जीभ तर जागेवर होती ना? सहा आठवडे मिठाचा कण न खाल्लेल्या बाईच्या जिभेवर ती पूड पडली आणि तिला मीठ कळलं नाही, हे कुणाला तरी खटकायला हवं होतं. कुणी विचारलंच नाही. मला कळलं होतं. पहिल्या घासाला. आईलाही कळलं होतं. ती म्हणाली, "नर्सबाईला सांगत बसू नकोस." मी म्हटलं, "बरं." एवढंच आमचं बोलणं झालं, मग चार महिने त्यावर एक शब्द नाही.

चार महिने ती जेवली. दुपारी सूप, संध्याकाळी भात किंवा अंडं. मी मागितलं की तू पाकिटं पाठवत राहिलास, तुला वाटायचं ताई आवडीने खातेय. फक्त बुधवारी मी पाकीट फोडायचे नाही. गुरुवारी नर्सबाई यायच्या ना. एक दिवस बंद ठेवलं की अंगठ्याचा खळगा थोडा कमी पडायचा. म्हणून ती बुधवारी रुसायची. आणि मी तुला फोनवर सांगून हसायचे.

हे मी तिच्यावर दया आली म्हणून केलं असं लिहिणार होते. ते खोटं नाही. पण मी दमले होते हेही खरं आहे. अळणी असलं की एका जेवणाला दीड तास लागायचा, पुडीने वीस मिनिटांत ताटली रिकामी. उरलेल्या वेळात माझ्या दोन चेनी बसवून व्हायच्या. आणि तिसरंही एक आहे. जेवण झालं की ती म्हणायची, "लेकाने चव आणली बघ घरात." परतायचे मी, कुस्करायचे मी, भरवायचे मी, तोंड पुसायचे मी, आणि चव लेकाची. मी मनात म्हणायचे, असू दे, त्याचंच असू दे. काही झालं तर तेही त्याचंच. हे मी खरंच म्हणायचे, बारक्या. भांडी घासताना.

डॉक्टरीणबाई मला नंतर म्हणाल्या की हृदय आधीच संपत आलं होतं, मिठाने गेली की मिठावाचूनही गेली असती ते कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. तुलाही हे सांगितलं असेल. तुला त्याने बरं वाटलं नसणार, मलाही वाटलं नाही.

गुरुवार

आता तो दिवस.

आई सकाळी गेली. दुपारपर्यंत मावशी आली, नर्सबाई आल्या. नर्सबाई तिचे पाय बघून म्हणाल्या, "एवढी सूज? अळणी चालू असताना?" आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर फोडलेलं पाकीट होतं. मी आवरलं नव्हतं, कसं आवरणार. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. मी दारातून बघत होते. बाहेर येऊन मावशीसमोर त्यांनी विचारलं, "हे तुम्ही यांना देत होतात?"

तेवढ्यात तू आलास. कारखान्यातून तसाच, डोक्यावर ती केस झाकायची टोपी अजून होती. हातात पिशवी, त्यात ही बत्तीस पाकिटं. निरोप मिळायच्या आधीच निघाला होतास, तुला आई गेल्याचं जिन्यात कळलं. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं, आधी तुझ्याकडे आणि मग पिशवीकडे.

मी म्हणाले, "मी याला फोन करून विचारलं होतं, यात मीठ आहे का. हा म्हणाला, नाही, नुसता मसाला आहे."

तू पिशवी खाली ठेवलीस. म्हणालास, "मी असं म्हणालो?"

मी म्हटलं, "म्हणालास."

तू वाद घातला नाहीस. मी रोज एकदा तरी तुला फोन करायचे आणि तू मशीनपाशी उभा राहून "हं, हं" करायचास. त्यातलाच एखादा असेल असं तुला वाटलं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. मावशीने कपाळाला हात लावला, नर्सबाई काही बोलल्या नाहीत, आणि तू पलंगाच्या पायाशी जमिनीवर बसलास, टोपी न काढता.

घाबरून बोलले असं लिहिलं तर ते अर्धंच होईल. उरलेलं अर्धं हे की मला तेव्हा बरं वाटलं. सगळं खापर तुझ्या डोक्यावर फुटलं आणि मला खोलीत पहिल्यांदा श्वास घेता आला. ते बरं वाटणं आठवडाभर टिकलं. मग तू यायचा बंद झालास, आणि मावशी दर रविवारी येऊन माझी समजूत घालायला लागली, मला काही नको म्हटलं तरी फळं आणायला लागली, आणि तुझं नाव निघालं की मान हलवायला लागली. मी ती फळं खाल्ली.

तुझ्या बायकोने दिवस विचारला. मी रविवारी संध्याकाळी खरंच कॅलेंडर उतरवलं. पानं उलटत बसले, जसं काही सापडणारच आहे. असा दिवस नाही, बारक्या. मी तुला फोन करून मिठाबद्दल कधीच विचारलं नाही. तू "नाही" म्हणाला नाहीस. तू काही ऐकायला चुकला नाहीस, मशीन चालू नव्हतं आणि बंदही नव्हतं. जे झालंच नाही ते तू आठ महिने आठवतोयस. ते आता थांबव.

आज सकाळी मी मावशीला फोन करून सगळं सांगितलं. बुधवारचंसुद्धा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि तो पोरगा?" आणि फोन ठेवला. या रविवारी ती येणार नाही. नर्सबाई आता तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे येतात, त्यांना जिन्यात गाठून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला पाकीट चाखलं तेव्हाच वाटलं होतं." वाटलं होतं तर बोलायचं होतं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी कुठल्या तोंडाने बोलणार.

तुझ्याकडून मला काही नको. ये म्हणत नाही, माफ कर म्हणत नाही. तू केलंस तर मला ते पेलायचं नाही आणि नाही केलंस तर बरोबरच आहे. एकच कर. मीठ खा. माझ्या खोट्यासाठी तू जीव घालवलास तर ते मी कुणावर ढकलू? आता या घरात दुसरं कुणी उरलेलं नाही.

एकतीस पाकिटं मी संपवली. बत्तिसावं या पत्राबरोबर पाठवते आहे. वास सहन होत नाही ते माहीत आहे, तरी एकदा फोड आणि चिमूटभर जिभेवर ठेव. तुझी जीभही आता आठ महिन्यांची अळणी आहे. मीठ कळतं की नाही ते बघ. किती लगेच कळतं तेही बघ. म्हणजे मला तुला विचारायची गरज का पडली नाही, हे तुला मी सांगायला नको. उरलेली पूड बायकोला दे, बटाट्यावर घालायला सांग. आधी लोण्यात परतायची, अर्धा मिनिट. आणि दोघं मिळून जेवा.

तुला कधीही तो फोन न केलेली,
ताई